न मोजलेल्या गुणाचे अनुमान : पॉलिएथिलीन रिअ‍ॅक्टरमधील मेल्ट इंडेक्स

रासायनिक कारखान्यात तापमान, दाब, प्रवाह या राशी क्षणोक्षणी मोजल्या जातात. परंतु ग्राहक ज्या गुणासाठी माल विकत घेतो, तो गुण बहुधा त्या क्षणी मोजता येत नाही. वायुअवस्थेत पॉलिएथिलीन तयार करणारा रिअ‍ॅक्टर हे याचे ठळक उदाहरण होय. येथे एथिलीन, थोडे ब्युटीन व हायड्रोजन यांच्या वर उसळणाऱ्या प्रवाहात उत्प्रेरकाच्या कणांवर पॉलिमरची भुकटी वाढत जाते. तिची प्रत मुख्यतः घनता व मेल्ट इंडेक्स यांवरून ठरते. १९० अंश सेल्सिअस तापमानाला, २.१६ किलो वजनाखाली, ठराविक छिद्रातून १० मिनिटांत जितके ग्रॅम वितळलेले पॉलिमर बाहेर पडते, तो मेल्ट इंडेक्स. रेणूंच्या साखळ्या लांब असल्या की हा आकडा लहान येतो. पिशव्यांच्या फिल्मसाठी तो साधारण १ लागतो. साच्यात दाबाने भरून घडवायच्या वस्तूंसाठी २० किंवा त्याहून अधिक.

नमुना प्रयोगशाळेत नेऊन उत्तर मिळेपर्यंत तास-दोन तास सहज जातात. तेवढ्या वेळात कित्येक टन माल तयार झालेला असतो. मग चालकाने हायड्रोजनचा झडपा कशाच्या आधारे फिरवायचा?

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या मॅकऑली व मॅकग्रेगर यांनी १९९१ मध्ये या प्रश्नावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या क्षणी कोणते पॉलिमर तयार होत आहे, हे मुख्यतः तापमान आणि हायड्रोजन-एथिलीन यांचे प्रमाण यांवर अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टी मोजता येतात. हा झाला तात्कालिक मेल्ट इंडेक्स. रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र मागील काही तासांत तयार झालेली सारी भुकटी एकत्र मिसळलेली असते, व बाहेर पडतो तो हा मिश्र माल.

मिश्रणाची सरासरी कशी काढावी, हा सर्वांत रंजक भाग. वितळलेल्या पॉलिमरची विष्यंदिता रेणुभाराच्या सुमारे ३.४ व्या घातानुसार वाढते. त्यामुळे मेल्ट इंडेक्सची सरळ सरासरी चुकते. त्याचा उणे १/३.५ वा घात मात्र रेणुभाराच्या जवळपास प्रमाणात असतो, आणि त्याची सरासरी घेता येते.

समजा रिअ‍ॅक्टरमधील मालाचा मेल्ट इंडेक्स १ आहे, भुकटी आत सरासरी ४ तास राहते, आणि एकाएकी हायड्रोजन वाढवून तात्कालिक आकडा २० केला. चार तासांनी सरळ सरासरीने १३ यायला हवा. वरील नियमाने येतो सुमारे ४.९! बारा तासांनीही तो १६ च्या आसपासच पोहोचतो. तोपर्यंतचा माल धड या प्रतीचा ना त्या प्रतीचा. तो कमी भावाने विकावा लागतो. म्हणूनच प्रत बदलताना हायड्रोजन काही काळ मुद्दाम लक्ष्याच्या पलीकडे नेतात. हे धाडस अनुमानाशिवाय करणे धोक्याचे आहे.

अर्थात सूत्र कायम खरे राहत नाही. वायूतील अशुद्धी, उत्प्रेरकातील फरक, विश्लेषक उपकरणाची तूट यांमुळे अनुमान हळूहळू भरकटते. यासाठी प्रयोगशाळेचा प्रत्येक आकडा हाती येताच सूत्रातील स्थिरांक थोडे बदलतात. किती बदलायचे, हे सूत्रावर आणि प्रयोगशाळेवर आपला विश्वास किती यावर ठरते. काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गाळणीचे तत्त्व हेच. येथे एक पथ्य पाळावे लागते. दहा वाजता घेतलेल्या नमुन्याचे उत्तर बारा वाजता आले, तर त्याची तुलना दहा वाजताच्या अनुमानाशी करावयाची, बाराच्या नव्हे.

एक मर्यादाही आहे. मेल्ट इंडेक्स हा एकच आकडा. एकसारख्या साखळ्यांचा माल आणि लांब-आखूड साखळ्यांचे मिश्रण यांचा आकडा सारखा येऊ शकतो, पण फिल्म सारखी निघत नाही. प्रत बदलण्याच्या काळातील मालाबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रथम कोटीचे अवकल समीकरण शिकविताना वरील उदाहरण एक्सेलच्या पानावर पंधरा मिनिटांच्या पायऱ्यांनी सोडविता येते. प्रयोगशाळेच्या आकड्याऐवजी शिक्षकाने दर आठ पायऱ्यांनी थोडी चूक मिसळलेला आकडा द्यावा, आणि स्थिरांक किती हलवायचा हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.