रत्नागिरीत सावली गायब होते ती वेळ

डोक्यावर आलेला सूर्य नेमका डोक्यावर असतो का? बहुतेक दिवशी नाही. रत्नागिरीत तो वर्षातून फक्त दोनदा नेमका डोक्यावर येतो. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंशांवर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत साधारण ८ मेच्या सुमारास तिथे पोचतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडी, मग आपण, त्यानंतर पुणे, मुंबई! दिल्लीला हे कधीच दिसत नाही, कारण सूर्य साडेतेवीस अंशांपुढे जातच नाही.

मात्र बारा वाजता बघायला गेलात तर फसाल. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतं, रत्नागिरी त्र्याहत्तरच्या जरा पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सदतीसेक मिनिटांचा फरक. मे महिन्यात सूर्य स्वतः तीन-चार मिनिटं पुढे असतो, म्हणून इथली खरी मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा कोकणात ऊन मिळणं कठीण. त्यामुळे मेच गाठा. ओळंबा लावून सरळ केलेला पाइप सपाट अंगणात उभा करा आणि पोरांना जरूर बोलवा.