विशेष शाळेतला विद्यार्थी नागरिक कधी होणार?

घरात दिव्यांग मूल जन्माला आले की मागच्या जन्मीचे पाप म्हणून बोट दाखवणारे आजही आहेत. आपल्या आजा-पणजांना अस्पृश्यतेचे कारण म्हणून हेच ऐकवले जात होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाच्या नावावर खपू दिला नाही. धम्म स्वीकारलेल्या घरातून हा पापाचा भ्रम बराचसा गेला, हे खरे. पण मुलाला विशेष शाळेत घातले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारी घरे आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. शाळाही तसेच मानते. आणि मग मूल अठरा वर्षांचे होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ३१ चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. त्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला. जवळपास कर्मशाळा असली आणि तिथे जागा असली तर ठीक, नाहीतर मुलगा ओट्यावर आणि मुलगी चार भिंतींत. बारा वर्षे ज्या शिक्षकाने हात धरून शिकवले, त्याच्याकडेही पुढच्या आयुष्याचे उत्तर नसते. कारण त्याला स्वतःला ते कोणी नीट शिकवलेले नसते.

हा आपला प्रश्न आहे का, असे विचारणाऱ्यांनी २०११ ची जनगणना पाहावी. देशात दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के आहे, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. गरोदरपणातले कुपोषण, बाळंतपणातली हेळसांड, वेळेवर न मिळालेला दवाखाना या गोष्टी या देशात जात पाहूनच वाट्याला येतात.

विशेष शिक्षक होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदविका किंवा पदवी लागते आणि १९९२ च्या कायद्याखाली परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मूल्यमापन, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, वर्तन बदल हे विषय शिक्षक नेटाने शिकतो. व्यावसायिक पुनर्वसनाचे प्रकरण अभ्यासक्रमात नाही असे नाही. पण सरावाचा भर लहान मुलांच्या वर्गावर असतो. दात घासण्याच्या कृतीचे टप्पे पाडायला त्याला येते, पण झेरॉक्सच्या दुकानातल्या कामाचे, खानावळीत ताटे लावण्याचे टप्पे पाडून एखाद्या मालकाला पटवून दाखव म्हटले की तो गोंधळतो.

शिक्षकांच्या संख्येचा प्रश्न निदान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये निकाल आला. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते पाचवीला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे जाहीर करून भरायला सांगितले. चांगली गोष्ट आहे. पण हे प्रमाण आठवीपाशी थांबते. मोठेपणाची तयारी जिथे सुरू व्हायला हवी, नेमके तिथे! अमेरिकेत विद्यार्थी सोळा वर्षांचा झाला की त्याच्या शैक्षणिक आराखड्यात शाळेनंतरच्या शिक्षणाचे, रोजगाराचे नियोजन असलेच पाहिजे, असे तिथला कायदा सांगतो. आपल्याकडे तसे बंधन शाळेवर नाही.

आता कर्मशाळेकडे वळू. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या, राख्या. वर्षानुवर्षे तेच. या मुलाला माणसांत राहायला आवडते की झाडांत, त्याला ओझे उचलायला जमते की मोजायला, हे विचारतो कोण? बुद्ध्यांकाचा कागद पाहिला की काम ठरले. 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेची हीच खोड दाखवली होती. माणसाची आवड आणि कुवत न पाहता त्याचा धंदा आधीच ठरवून ठेवायचा. आपण जन्माने लादलेला धंदा नाकारला. मग आपल्याच मुलाला प्रमाणपत्राने लादलेला धंदा का मान्य करावा? (दिवाळीत त्या पणत्या विकत घेऊन फोटो काढणाऱ्या दानशूरांविषयी न बोललेलेच बरे.)

आणि मोठे होणे म्हणजे केवळ काम नव्हे. वकिलीत माझ्याकडे पालक येतात ते एकच मागणे घेऊन. साहेब, पोरगा अठराचा झाला, पालकत्वाचा कागद करून द्या. शाळेतून तेवढेच सांगितलेले असते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, हे बरोबर. पण या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असल्यास कशापुरती, हे पाहण्याची जबाबदारी त्याच कायद्याने समितीवर टाकली आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ तर दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क देते, आणि कलम १४ मर्यादित पालकत्वाची, म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घेण्याची वाट दाखवते. हे शिक्षकाला माहीत असते, तर त्याने चौदाव्या वर्षापासून मुलाला सही, बँकेची स्लिप, हो आणि नाही म्हणणे शिकवले असते.

मताचेही तेच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चे कलम १६ सांगते की सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवले असेल तरच मतदार यादीतून नाव बाद होते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्याने मत जात नाही. एक व्यक्ती, एक मूल्य हा विचार संविधान सभेत मांडणाऱ्या महापुरुषाचे आपण अनुयायी, आणि आपल्याच घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाचा नमुना ६ आपण भरत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अज्ञान जिवावर येते. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिले गेले. शिकवायचे सोडून कापून टाकले! ज्या शिक्षिकेला पाळी, नकोसा स्पर्श, लग्न यांवर मुलीशी मोकळेपणाने बोलण्याचे प्रशिक्षण मिळालेले नाही, तिच्या वर्गातली मुलगी आजही तेवढीच असुरक्षित आहे.

शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. समग्र शिक्षेतले विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले. आपली मुलेमुलीही या पदविका करून अशाच नोकऱ्यांत अडकलेली आहेत. म्हणून मागणी शासनाकडे आणि पुनर्वास परिषदेकडे हवी. प्रशिक्षणार्थीने काही महिने कर्मशाळेत आणि गावातल्या खऱ्या दुकान-कारखान्यात काढावेत, कायद्याची तोंडओळख सक्तीची व्हावी, चौदाव्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याचा पुढचा आराखडा पालकांसमोर आणि त्या विद्यार्थ्यासमोर बसून व्हावा. स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणाऱ्या बार्टीने अनुसूचित जातीच्या विशेष शिक्षकांसाठी असे सेवांतर्गत प्रशिक्षण का घेऊ नये? २०१६ च्या कायद्याच्या कलम ३४ ने सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखल्या. त्यातला एक टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मनोविकार व बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. या जागांपर्यंत आपला मुलगा पोचणार कोणाच्या आधाराने?

तोवर विहार समित्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयात टाकावा. गेल्या पाच वर्षांत विशेष शाळांतून अठरा पूर्ण करून किती विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत अनुसूचित जातींचे किती, त्यांतले किती कर्मशाळेत गेले, किती कामाला लागले, आणि किती शिक्षकांना या कामाचे प्रशिक्षण दिले. स्थानिक स्तर समितीच्या बैठका किती झाल्या, हेही त्याच अर्जात विचारावे.