स्वारगेटला उतरून खाली

कात्रज येतं आणि सातारा-स्वारगेट एसटीचा जोर संपतो. खंबाटकी, शिरवळ, खेड शिवापूर झपाट्यात मागे गेलं. आता बालाजीनगरात गाडी दुचाक्यांच्या मागे मागे सरकतेय. माझ्या पुढच्या सीटवर जावळीकडचे एक आबा आहेत, सोबत कॉलेजातला नातू.

"ह्यापरास चालत पोचलो असतो."

"आबा, स्वारगेटला मेट्रो धरायचीय. मग पिंपरी काय लांब न्हाई," नातू मोबाइलमधून मान वर न काढता सांगतो.

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन माहुलीला, शहरापासून आडबाजूला. पुणे-मिरज मार्गावर विजेच्या तारा आल्या तरी सातारकर एसटीच धरतो आणि स्वारगेटलाच उतरतो. त्या स्वारगेटला भुयारी मेट्रो येऊन पोचली २९ सप्टेंबर २०२४ ला.

स्टँडवर उतरतो. सांगलीची गाडीही आत्ताच लागलीय. पिशव्या, गाठोडी, पेढ्यांचे खोके घेऊन आम्ही सगळेच मेट्रोकडे वळतो. तपासणीच्या यंत्रातून एका मावशींची पिशवी जाते आणि पट्टा मध्येच थांबतो. सुरक्षारक्षक पडद्यावरचा काळा गोळा निरखतोय.

"मावशी, डब्यात काय आहे?"

"चटणी हाय. कांदा-लसणाची. लेकीला." मावशी झाकण काढतात. लाल तिखटाचा आणि भाजल्या खोबऱ्याचा वास त्या वातानुकूलित हवेत असा सुटतो, की मागचा लॅपटॉपवाला तरुणही पुढे वाकतो. रक्षक घाईघाईने झाकण लावायला सांगतो. दुसऱ्या पुडक्यात तासगावचे बेदाणे. ते यंत्राला चालतात.

सरकत्या जिन्यावर आबा बिचकतील म्हणून नातू त्यांचा दंड धरायला जातो. आबा हात झटकतात. "मला शिकवतो व्हय? मस्जिद बंदरला पाठीवर गोणी घिऊन लोकल गाठलीया मी." आबा माथाडी कामगार होते, जावळी-पाटणच्या कितीतरी घरांतल्यासारखे. देशातली पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला निघाली ती हार्बरच्या रुळांवरून, म्हणजे मस्जिदवरूनच. खेड्यातला म्हातारा मेट्रो बघून थक्क होतो, असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी आधी सातारा जिल्ह्यातल्या घरांत मुंबईचे किती पास निघाले असतील ते विचारावं.

तीन डब्यांची गाडी येते, दारं उघडतात. आबा सवयीने खांदा पुढे काढून आत घुसतात, पण समोर कुणीच नाही. "ही कसली गाडी? कुनी ढकलंना बी."

मंडई, मग कसबा पेठ. बाहेर काळोख, काचेत फक्त आपलेच चेहरे. कसबा पेठ सुटल्यावर नातू सांगतो, "आबा, आता वर नदी. मुठा." मावशींचा हात नकळत कपाळाला लागतो. आपण मुठेखालून चाललोय आणि तिचं पाणी भीमेतून शेवटी कृष्णेलाच मिळतं, हे सांगलीच्या माणसाला सांगावं असं वाटतं. पण तेवढ्यात जिल्हा न्यायालय येतं आणि निम्मा डबा वनाझ-रामवाडीच्या गाडीसाठी उतरतो. त्यांना तेहतीस मीटर खोलातून वर उन्नत मार्गावर जायचंय. पिंपरीवाले आम्ही बसून राहतो.

शिवाजीनगर सुटतं, गाडी चढ घेते आणि भसकन ऊन आत येतं. खाली झाडं, पलीकडे रेल्वेचे रूळ. आबा डोळे बारीक करतात.

"हितनं पिंपरीला गाडी आनली, मग कात्रजला का न्हाई नेली?"

"नेनार हायेत की. ऑगस्ट २०२४ लाच केंद्रानं मंजुरी दिलीया. साडेपाच किलोमीटर, सगळी जमिनीखालनं. २०२९ पतुर करायची म्हनत्यात."

मला विचाराल तर हा तुकडा आधीच व्हायला हवा होता. साताऱ्याहून निघालेल्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो तो याच साडेपाच किलोमीटरांत.

"म्हंजे तवर बालाजीनगरातच बसायचं," आबा म्हणतात.

मावशी मांडीवरची पिशवी सावरतात. "त्यापरास आमच्या जावयबापूंनाच म्हनावं, कात्रजला ऱ्हायला या."