जमा १२०, खर्च १५०

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपल्याकडे वस्तूच्या आधी माणसाचा निकाल लागतो. मिक्सर जळला तर सुनेचा हात जड, स्कूटर बंद पडली तर मुलाचे चालवणे वाईट. माझ्या नातवाचा लॅपटॉप अडखळू लागला तेव्हाही हेच झाले. तो पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी लॅपटॉपवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळतो. तासभर सारे सुरळीत चाले, मग चित्र धक्के खात सरके. ‘खेळून खेळून मशीनची वाट लावली,’ हा जावईबापूंचा निर्णय. ‘ग्राफिक्स कार्ड गेलं, नवाच घ्या,’ हा दुकानदाराचा. नवा म्हणजे लाखाच्या घरात! नातू एवढेच म्हणे, ‘आजोबा, अडॅप्टर बदलल्यापासून हे होतंय.’ त्याचे कुणी ऐकत नव्हते.

मूळ अडॅप्टर प्रवासात हरवला होता आणि पिन बसते म्हणून आणलेला दुसरा वापरात होता. तक्रार खरी की खोटी हे तक्रारदाराचे तोंड पाहून ठरवू नये, खाते उघडून पाहावे, ही बँकेतली जुनी सवय. इथे खाते म्हणजे मागचे लेबल. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. लॅपटॉपच्या तळाशी लिहिले होते १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर, म्हणजे १८० वॉट. नव्या अडॅप्टरवर व्होल्ट तेवढेच, पण अँपिअर ६.१५, म्हणजे जेमतेम १२०.

अडॅप्टर हा पगार समजा आणि बॅटरी ही शिल्लक. गेम चालू असताना मशीनचा खर्च दीडशेच्या आसपास जातो. वरचे तीस वॉट शिल्लकीतून निघतात; वायर भिंतीला लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. ती ठरावीक पातळीखाली आली की मशीन स्वतःच हात आखडते आणि चित्रे सेकंदाला कमी पडू लागतात.

हे खरे की नुसता तर्क? आम्ही तपासून पाहिले. तीच शर्यत, त्याच सेटिंग, बॅटरी पूर्ण भरलेली. दर दहा मिनिटांनी नातू आकडे वाची, मी वहीत उतरवी. सुरुवातीला सेकंदाला ७० चित्रे. ८० मिनिटांनी बॅटरी ३२ टक्के, आणि थोड्याच वेळात चित्रे ३८ वर! तापमान मात्र ८४ अंशांवरून ७१ वर उतरले होते. उष्णतेने मशीन मंदावले असते तर ते नव्वदीच्या पुढे टेकलेले दिसले असते.

पुढच्या रविवारी शेजारच्या मुलाकडून त्याच कंपनीचा १८० वॉटचा अडॅप्टर मागून आणला. दोन तास झाले तरी चित्रे सत्तरच, बॅटरी शंभर टक्के. एका नोंदीवर निकाल नको म्हणून तिसऱ्या रविवारी पुन्हा १२० चा लावला. त्याच सुमारास तीच घसरगुंडी.

मग नातवाला मोह झाला, २३० चा लावला तर? मित्राकडून तोही आणला. एकही चित्र वाढले नाही. मशीन आपल्या गरजेपुरतेच घेते. पगार खर्चाला पुरला की झाले.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर कमी नकोत, जास्त चालतात. काही लॅपटॉप पिनेच्या मधल्या बारीक तारेवरून अडॅप्टर ओळखतात. ओळख पटली नाही तर पहिल्या मिनिटापासूनच मंद चालतात. यूएसबी-सी असेल तर २०२१ च्या मानकाने २४० वॉटपर्यंत मुभा आहे, पण तेवढी ताकद चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिन्हींत असावी लागते.

जावईबापूंनी वही दोनदा वाचली आणि काही न बोलता योग्य अडॅप्टर मागवला. लाखाचे काम काही हजारांत झाले. मुलाने गेम किती वेळ खेळावा हा वाद घरात अजून आहे आणि तो असायलाही हवा. पण ते खाते वेगळे आहे. त्यातली नाराजी या खात्यात नावे टाकली, तर खरे बोलणाऱ्या पोराचे म्हणणे कुणाच्याच कानावर पडत नाही.