धरणातला गाळ आणि आकाशातला डोळा

जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. त्या पाण्याखाली गाळ किती? प्रश्न साधा नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पार करमाळ्यापर्यंतची पिके उभी असतात.

ग्रीनलंडच्या बर्फावरची तळी नितळ, रंगछटेवरून त्यांची खोली उपग्रहाला काढता येते. आपले पाणी गढूळ. म्हणून इथे पाण्याची कड पाहायची. पाणी अवरक्त किरण शोषते, त्यामुळे उपग्रहाच्या छायाचित्रात जलाशय काळा उमटतो. दिवाळीनंतर पाणी उतरते, तसा तो आक्रसतो. त्या दिवशीची पातळी धरणावर मोजलेली असतेच. धरण नवे असताना त्याच पातळीला पाणी जास्त पसरत होते? मग कमी झालेली जागा गाळाने घेतली. जुन्नरच्या माणिकडोहलाही हाच हिशोब. भर उन्हाळ्यातही उघडा न पडणारा तळ मात्र होडीतूनच मोजावा लागतो.