आकाशांतील पंगत

१९३९ सालच्या उन्हाळ्यांतील एक संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी. खालीं अटलांटिक महासागर काळवंडत चालला आहे आणि त्याच्यावरून पॅन अमेरिकन कंपनीचें ‘बोइंग ३१४’ जातीचें प्रचंड जलविमान युरोपच्या दिशेनें निघालें आहे. विमानाच्या पोटांत चक्क एक भोजनगृह आहे. चौदा माणसांची सोय होईल अशीं टेबलें मांडलेलीं. त्यांवर पांढरीं शुभ्र वस्त्रें, चिनी मातीच्या बशा, लखलखणारे कांटे-चमचे. पांढरा कोट घातलेले स्टुअर्ड एकामागून एक पदार्थ वाढीत आहेत. पहिली पंगत उठली कीं दुसरी बसते. जेवणें आटोपलीं म्हणजे आसनें उलगडून रात्रीचे बिछाने घालावयाचे असतात. वेष बदलण्यासाठीं स्त्रियांची खोली निराळी, पुरुषांची निराळी. आणि शेंपटाकडील टोंकाला नवविवाहितांसाठीं एक स्वतंत्र दालनही राखून ठेवलेलें आहे.

हें चित्र जितकें मोहक, तितकेंच तें कोड्यांत टाकणारें आहे. विमानांत शेर-अदपावाचासुद्धां हिशेब असतो. त्या काळीं सामानाबरोबर उतारूंनाही तराजूवर उभें करीत. वजन वाढलें कीं पेट्रोल तरी कमी घ्यावें लागे, नाहीं तर टपालाची एखादी थैली मागें ठेवावी लागे. मग जी कंपनी माणसालाही तोलून घेते, ती चिनी मातीच्या बशा समुद्रापार कशासाठीं वाहून नेते? श्रीमंतांची हौस, एवढें उत्तर पुरेसें नाहीं. विमानांतील हा थाट प्रारंभीं भीतीवरचा उतारा होता. पुढें तोच व्यापारी स्पर्धेंतलें मुख्य शस्त्र बनला. आणि त्याच्या किंमतीचा एक भाग असा होता कीं, तो तिकिटावर कधींच छापला गेला नाहीं.

आकाशांत अन्न वाढण्याचा प्रघात विमानांच्याही आधीं वायुनौकांत पडला. जर्मनींतील ‘श्वाबेन’ या झेपेलिन वायुनौकेवर १९१२ सालीं हाइनरिक कुबिस नांवाच्या गृहस्थाची उतारूंच्या सेवेसाठीं नेमणूक झाली. आकाशांतील पहिला स्टुअर्ड तो हाच. परंतु वायुनौका संथ आणि ऐसपैस. विमानाची गोष्ट निराळी. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ च्या ऑक्टोबरांत हँडले पेज कंपनीनें लंडनहून युरोपांत जाणाऱ्या आपल्या उतारूंना तीन शिलिंगांत फराळाची करंडी देण्यास आरंभ केला. तीं विमानें म्हणजे बाँब टाकण्यासाठीं बांधलेल्या यंत्रांचा संसारी अवतार! त्या पिढीच्या विमानांत वजन वांचावें म्हणून खुर्च्या वेताच्या असत. इंजिनांच्या घरघरीनें कान बधिर होत, आणि वाऱ्याच्या खळग्यांतून हेलकावे खात जातांना धडधाकट माणसाचेंही पोट ढवळून निघे. अशा वेळीं करंडींतील सँडविच खाण्यापेक्षां ती मांडीवर धरून बसण्यांतच कित्येकांना समाधान मानावें लागलें असेल.

तरीही एक गोष्ट कंपन्यांच्या लवकरच ध्यानांत आली. माणूस घाबरलेला असला म्हणजे तो यंत्राकडे पाहत नाहीं. आपल्याभोंवतीं वावरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहतो. शांतपणें चहाचा पेला पुढें करणारा हात ‘भिण्याचें कारण नाहीं’ हें न बोलतां सांगतो. इंग्लंडच्या इंपीरिअल एअरवेज कंपनीनें १९२७ सालीं लंडन-पॅरिस मार्गावर ‘सिल्व्हर विंग’ नांवाची खास सेवा सुरू केली, तेव्हां वीस आसनांच्या विमानांतून तिनें दोन आसनें काढून टाकलीं आणि त्या जागीं फराळाची मांडणी व एक स्टुअर्ड यांची सोय केली. दोन तिकिटांचें उत्पन्न सोडून एक वाढपी बाळगणें हा व्यापाऱ्याचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

हीच गोष्ट अमेरिकेंत एका तरुणीनें अधिक स्पष्टपणें ओळखली. एलेन चर्च ही परिचारिका असून विमान चालविण्याचें शिक्षणही तिनें घेतलें होतें. वैमानिकाची जागा तिला कोणी देईना. तेव्हां, विमानांत परिचारिका असेल तर लोकांची भीति कमी होईल, हा विचार तिनें बोइंग एअर ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या गळीं उतरविला. १५ मे १९३० रोजीं तिनें सॅन फ्रान्सिस्को-शिकागो मार्गावर कामाला सुरुवात केली, आणि तिच्यासह आठ परिचारिका नेमण्यांत आल्या. वाटेंत तेरा मुक्काम, प्रवास सुमारें वीस तासांचा, उतारू चौदा. थंड कोंबडी, पाव, फळें आणि कॉफी हा जेवणाचा बेत. पण वाढणें हें कामाचें एकच अंग होतें. खुर्च्यांचे स्क्रू घट्ट आहेत कीं नाहींत हें पाहणें, आजारी उतारूची शुश्रूषा करणें, प्रसंगीं पेट्रोल भरण्यास हात लावणें, हेंही तिच्याच वांट्याला असे. स्वच्छतागृहाचें दार समजून कोणी बाहेर जाण्याचें दार उघडीत नाहीं ना, यावरही तिला नजर ठेवावी लागे.

पूर्वेकडील मार्गावर मात्र जेवणाचा प्रश्न बराचसा जमिनीवरच सुटे. १९२९ च्या मार्चमध्यें लंडन-कराची ही हवाई वाट सुरू झाली, तेव्हां तो प्रवास सात दिवसांचा होता आणि युरोपांतला कांहीं टप्पा आगगाडीनेंच करावा लागे. रात्रीं विमान उडत नसे. इराणी आखाताच्या कांठीं शारजाह येथें उतारूंसाठीं किल्ल्यासारखें विश्रामगृह बांधलें होतें. रात्रीचें भोजन व निद्रा अशाच ठिकाणीं होई. कराचीला आलेली टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें आणली. त्या लहानशा विमानांत पंगतीला जागाच नव्हती. परंतु पुढील कथेचें बीज त्यांतच होतें.

जसजसा टप्पा लांबला, तसतसें जेवण जमिनीवरून विमानांत आलें. अटलांटिक ओलांडणाऱ्या जलविमानाला ऑझोर्स बेटांखेरीज मध्यें टेकण्यास जागा नव्हती. या मार्गानें उतारू नेणारी पहिली नियमित खेप २८ जून १९३९ रोजीं निघाली. एका बाजूचें भाडें ३७५ डॉलर आणि जाऊन-येऊन ६७५ डॉलर होतें. तेवढ्यांत त्या काळीं अमेरिकेंत साधी नवी मोटारगाडी येई. सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि ती श्रीमंती पंगत दोन-तीन महिन्यांतच विस्कटली.

आतां आकाशांत अन्न शिजविण्यांतल्या अडचणी पाहाव्या. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतें. पण तें पुरेसें तापत नाहीं. दहा हजार फुटांवर पाणी सुमारें ९० अंशांवरच उकळूं लागतें. अशा पाण्यांत डाळ शिजावयाला वेळ लागतो आणि चहाही नीट उतरत नाहीं. शिवाय विमानांतील मुदपाकखाना म्हणजे कपाटाएवढी जागा. तेथें उघडा विस्तव पेटविण्याची सोय नाहीं. म्हणून बराच काळ पदार्थ खालींच शिजवून उष्णता राखणाऱ्या डब्यांतून आणि थर्मासमधून वर नेत. युनायटेड कंपनीनें १९३६ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें खास विमानांच्या जेवणासाठीं मुदपाकखाना उघडला. १९४५ च्या सुमारास विल्यम मॅक्सन यांनीं गोठविलेल्या जेवणाचें तीन कप्प्यांचें ताट आणि पंख्यानें गरम हवा खेळविणारी भट्टी तयार केली. तेव्हांपासून ‘खालीं शिजवावें, थंड करावें, वर पुन्हां तापवावें’ ही रीत रूढ होऊं लागली.

१९४० सालीं आंतील हवेचा दाब राखणारें ‘बोइंग ३०७’ विमान उतारूंच्या सेवेंत आलें. वादळांच्या वरून जातां येऊं लागलें आणि पोट ढवळणें कमी झालें. परंतु एक नवीनच घोटाळा उत्पन्न झाला: उंचावर जिभेची चव मंदावते. केबिनमधील हवा कमी दाबाची व अत्यंत कोरडी. नाकाला वास कमी येतो, आणि वासावांचून चव कसली? जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेनें अलीकडे २०१० च्या सुमारास तशीच हवा जमिनीवर निर्माण करून प्रयोग केले. तेव्हां मीठ आणि साखर यांची जाणीव बरीच उणावते, असें आढळून आलें. सर्दी झालेल्या माणसाला पक्वान्नही सपक लागावें, तसाच हा प्रकार. थोडक्यांत, जगांतील सर्वांत महाग जेवण अशा ठिकाणीं वाढलें जात होतें, जेथें त्याची चव सर्वांत कमी कळत होती! चांदी, चिनी माती आणि वाढणाऱ्याचें अगत्य यांनीं त्या उणीवेवर पांघरूण घातलें.

मुंबईची पंगत १९४८ सालीं मांडली गेली. ८ जूनच्या रात्रीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस उतारू घेऊन निघालें आणि कैरो व जिनिव्हा येथें थांबून १० जूनच्या सकाळीं लंडनला पोंचलें. नव्या स्वतंत्र देशाच्या लहानशा कंपनीला बलाढ्य परदेशी कंपन्यांशीं विमानांच्या संख्येंत बरोबरी करणें शक्य नव्हतें. आदरातिथ्यांत मात्र शक्य होतें. बॉबी कूका यांच्या कल्पनेंतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यांतून १९४६ सालीं उतरलेला लवून नमस्कार करणारा ‘महाराजा’ याच धोरणाची खूण ठरला. टाटांची नजर तर बारकाव्यांवर इतकी कीं, विमानांतील चहाचा रंग कॉफीहून वेगळा ओळखतां येत नाहीं, अशी तक्रार त्यांनीं १९५१ सालीं आपल्याच अधिकाऱ्याला लिहून कळविली होती.

येथें त्या थाटाचें दुसरें कारण पुढें येतें. १९४५ सालीं हवाना येथें विमान कंपन्यांची ‘आयटा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि परदेशी मार्गांवरील भाडीं कंपन्या तिच्या परिषदांतून एकमतानें ठरवूं लागल्या. सर्वांचें भाडें एकच. मग उतारूनें एकीला सोडून दुसरीकडे कां जावें? अर्थात् ताटाकडे पाहून. म्हणून कोणी खालच्या मजल्यावर बैठकीची खोली केली, तर कोणी पॅरिसच्या ‘मॅक्झिम्स’सारख्या प्रसिद्ध उपाहारगृहाच्या नांवावर जेवण वाढलें. १९५२ सालीं अटलांटिकवर स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग आणि १९५८ सालीं त्याहूनही स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग निघाला. या शेवटच्या वर्गाला साधें, थंड व कमी खर्चाचें सँडविचच द्यावें, असा नियम झाला. तेव्हां स्कॅन्डिनेव्हियाच्या कंपनीनें पावाच्या एकाच चकतीवर इतकी सामग्री रचली कीं, पॅन अमेरिकननें रीतसर तक्रार केली आणि ‘सँडविच म्हणजे काय’ यावर थोरामोठ्यांची खडाजंगी उडाली. अखेर त्या कंपनीला दंड झाला. प्रकरण हास्यास्पद खरें. परंतु भाडें बांधलेलें असलें म्हणजे व्यापाराचें युद्ध पावाच्या तुकड्यावरही लढलें जातें, हें त्यानें दाखवून दिलें.

आतां राहिली ती न छापलेली किंमत. १९३० च्या त्या पहिल्या परिचारिका अविवाहित असाव्या, पंचविशीच्या आंतल्या असाव्या, वजनानें ११५ पौंडांच्या आंत असाव्या, असे नियम होते. पेट्रोलचा हिशेब समजण्याजोगा होता. पण विमानें मोठीं होत गेलीं तरी नियम तसेच राहिले. लग्न झालें कीं नोकरी गेली. कित्येक अमेरिकन कंपन्यांत बत्तिशी-पस्तिशी गांठली तरी गेली. हंसतमुखानें पंगत वाढणाऱ्या स्त्रीचें तारुण्य हाही जणूं त्या थाटाचाच एक पदार्थ मानला गेला. अमेरिकेंत १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर या अटी एकेक करून ढांसळल्या. भारतांत हा वाद ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मीर्झा’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पस्तिसावें वर्ष, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतील विवाह किंवा पहिलें गरोदरपण, यांपैकीं जें आधीं घडेल त्या वेळीं होस्टेसनें निवृत्त व्हावें, असा नियम होता. १९८१ सालीं न्यायालयानें गरोदरपणाची अट मनमानी व घटनाबाह्य म्हणून रद्द केली. चार वर्षांच्या आंत विवाह न करण्याची अट मात्र त्या निकालानें कायम ठेवली.

त्यापूर्वीं तीनच वर्षें, १९७८ सालीं, अमेरिकेनें देशांतर्गत विमानभाड्यांवरील नियंत्रण उठविण्याचा कायदा केला. भाड्यांत चढाओढ सुरू झाली आणि ताटांतली चढाओढ ओसरली. पुढें जगांत अन्यत्रही हळूहळू तेंच झालें. ज्या घरांतून पूर्वीं केवळ विमान पाहण्यासाठीं माणसें तळावर जात, त्यांचीं मुलें विमानांत बसूं लागलीं; चिनी मातीच्या बशा मात्र मूठभर महाग आसनांपुरत्या उरल्या.

हा सौदा तोट्याचा म्हणतां येणार नाहीं. तरीही त्या जुन्या पंगतींतली एक गोष्ट मोलाची होती: अनोळखी, घाबरलेल्या माणसाला दोन घांस अगत्यानें वाढून निर्भय करणें. तें अगत्य सोन्याच्या ताटावर अवलंबून नव्हतें. वाढणाऱ्याच्या मनावर होतें. म्हणून त्या सुवर्णयुगाचीं छायाचित्रें पाहतांना ताटांतील पदार्थांवर नजर खिळली, तरी तें ताट धरणाऱ्या हाताकडेही एकदां अवश्य पाहावें.