उतारावरील मातीसाठी पसरती घाणेरी

शाळा, ग्रामपंचायत कचेरी किंवा घराच्या अंगणाभोवती पुष्कळदा उताराची जागा उघडी पडलेली असते. पावसाळ्यात तेथील माती वाहून जाते व उन्हाळ्यात धूळ उडते. अशा ठिकाणी पसरती घाणेरी लावणे सोयीचे ठरते.

ओळख : हे सदाहरित झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतील असून त्याचे शास्त्रीय नाव लँटाना मॉन्टेव्हिडेन्सिस असे आहे. ते जमिनीलगत पसरते. फांद्या मातीला टेकतात तेथे पेऱ्यांना मुळे फुटतात व दाट गालिचा तयार होतो. फुलांचे गुच्छ फिकट जांभळे असतात. रानटी घाणेरी मात्र उंच व काटेरी वाढते आणि तिची फुले पिवळी, नारिंगी, लाल किंवा गुलाबी असतात. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. रानटी घाणेरीही शोभेचे झुडूप म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणली गेली. पुढे तिने राने व कुरणे व्यापली.

जमीन : पाण्याचा निचरा होणारी हलकी वा मध्यम जमीन आणि दिवसभर ऊन मिळणारी जागा निवडावी. सावलीत फुले कमी येतात. लागवडीपूर्वी हरळीच्या काशा खणून काढाव्यात. गालिचा दाटल्यावर त्या काढणे कठीण जाते.

लागवड : मृगाचा पाऊस झाल्यावर अर्धवट पक्व फांदीची 10 ते 15 से.मी. लांबीची छाटे घ्यावीत. खालची पाने काढून ती वाळूमिश्रित मातीत, सावलीत लावावीत. मुळे चांगली धरल्यावर रोपे उतारावर 60 से.मी. अंतराने, एकाआड एक ओळीत लावावीत. प्रत्येक खड्ड्यात कुजलेले शेणखत घालावे.

निगा : पहिल्या वर्षी नियमित पाणी व खुरपणी आवश्यक आहे. पुढे पाणी बेताने द्यावे. जास्त खत दिल्यास पाला वाढतो व फुले घटतात. पावसाळ्याच्या तोंडावर लांबलेल्या फांद्या छाटाव्यात.

दक्षता : घाणेरीचा पाला जनावरांना विषारी असून त्यामुळे यकृतास इजा होते. म्हणून गोठ्याजवळ किंवा चराऊ रानालगत ही लागवड करू नये व छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नये. झुडूप आखलेल्या हद्दीबाहेर पसरू लागताच ते मुळासकट काढावे. एवढी काळजी घेतल्यास उताराची माती जागच्या जागी राहील व परिसरासही शोभा येईल.